भरलेला रकाना

“मॅडम, तुम्हीच सांगा. असं होऊ शकतं का?” घोरपडे साहेबांनी मला विचारलं.

टेबलापलीकडे सदाशिव तोडकर उभे होते. शेजारी खुर्ची रिकामी होती, तरी उभेच. टोपी काढून हातात धरलेली, पायाशी खताचं जुनं पोतं आणि त्यात ठासून भरलेल्या लाल कापडी बांधणीच्या वह्या. उंबरझरीच्या दूध संस्थेचे ते सचिव. आमच्या तालुका दूध संघानं त्यांच्या गावचं दूध घेणं बंद केलं त्याला त्या दिवशी नऊ दिवस झाले होते, आणि संस्था सुरू झाल्यापासूनच्या सतरा वर्षांच्या वह्या घेऊन ते एसटीनं आले होते.

“साहेब, भेसळीचा जो रकाना आहे ना, त्यात मी रोज ‘नाही’ लिहिलंय,” तोडकर म्हणाले. “दोन्ही वेळच्या दुधाला, दर ओळीला. तुमच्या यादीत ‘होय’ कसं आलं?”

“म्हणजे तुम्ही ‘नाही’ लिहिलं आणि संगणकानं ‘होय’ वाचलं?” घोरपडे हसले. ते संघाचे व्यवस्थापक. संगणक येऊन महिना झाला नव्हता, पण त्यांची त्याच्यावर कुलदैवतासारखी श्रद्धा बसली होती. “त्रेसष्ट संस्था आहेत तोडकर. बासष्टांचं बरोबर येतं आणि तुमचंच तेवढं चुकतं. खाई त्याला खवखवे.”

“मग दुधाचा नमुना घ्या की. हितं तपासा.”

“संकलन बंद आहे ना. बंद संस्थेचा नमुना घेता येत नाही.”

“मग संकलन सुरू करा.”

“नमुना चांगला निघाल्याशिवाय कसं करू?” असं म्हणून घोरपडे माझ्याकडे वळले होते आणि त्यांनी तो प्रश्न विचारला होता.

प्रोग्राम मी लिहिला होता. सांगलीतल्या एका लहानशा कंपनीत मी नोकरीला होते आणि त्या महिन्यात संघाच्या कचेरीतच बसत होते. तोडकर माझ्याकडे बघत होते. शिकलेली बाई आहे, ही तरी खरं सांगेल, अशी आशा त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती.

“संगणक खोटं बोलत नाही,” मी म्हणाले.

त्यांना ते वाक्य ओळखू आलं नाही. मला राग आला तो त्याचाच.

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझे यजमान म्हणतात, हिला मेल्यावर स्वर्गात पाठवलं तर ही आधी यादी काढून बघेल, नरकात कोण कोण पोचलंय. ते चेष्टेनं म्हणतात. मला त्यात चेष्टा करण्यासारखं काही दिसत नाही.

बेंदराच्या आदल्या दिवसाची गोष्ट. एक्याण्णव साल. मी सातवीत होते. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात आई, मी आणि मोरणी नावाची एक म्हैस. मोरणीचं दूध घालायला आई रोज सकाळी संस्थेत जायची, मी बरोबर असायची. त्या दिवशी सणाचं म्हणून रांग मोठी होती. तोडकरांनी आईच्या कॅनमधलं दूध मापात घेतलं, त्यात काचेचा लॅक्टोमीटर सोडला. दुधात पाणी असलं की ती नळी खाली जाते. ती गेली. चांगलीच गेली.

“पाणी आहे,” तोडकर म्हणाले.

“न्हाई ओ भाऊ. आत्ता काढून आणलंय. पोरीला इचारा.”

“नळी खोटं बोलत नाही, बाई.”

आणि त्यांनी कॅन उचलून सगळ्या रांगेसमोर फरशीवर ओतला. दूध गटाराकडे गेलं. कुणाचं तरी कुत्रं धावत आलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “बघा, कुत्रं तरी पितंय का.” सगळे हसले. आई रिकामा कॅन घेऊन वळली. 

त्यानंतर तिचं नाव ‘पाणीवाली’ पडलं. शाळेत मी पाणीवालीची पोर. आई परत संस्थेची पायरी चढली नाही. दोन महिन्यांनी मोरणी विकली आणि आम्ही विट्याला मामाकडे राहायला गेलो. मोरणीला नेताना आई दारात आली नाही, आत चुलीपाशी बसून राहिली. मी मात्र दारात उभी राहून सगळं बघितलं. विसरायचं नाही म्हणून बघितलं.

आता त्या ‘होय’बद्दल. प्रोग्रामच्या भाषेत खरं आणि खोटं अशा दोनच किमती असतात, मधलं काही नाही. आणि एखाद्या रकान्याकडे बोट दाखवून ‘खरं की खोटं?’ असं विचारलं, तर ती भाषा एवढंच बघते की त्यात काही आहे का. रिकामा असेल तर खोटं. एक अक्षर जरी असलं तरी खरं. ते अक्षर काय म्हणतंय हे ती वाचत बसत नाही. मी भेसळीच्या रकान्याला एवढंच विचारून पुढं गेले होते, कारण सचिवांनी पाठवलेला रोजचा तक्ता जसाच्या तसा संगणकात भरला जाई, आणि दूध चांगलं असलं की सगळे सचिव तो रकाना रिकामा सोडायचे. तोडकर सोडत नव्हते. ते दर ओळीत ‘नाही’ लिहीत होते, आणि माझा प्रोग्राम त्यांच्या प्रत्येक ‘नाही’ला ‘खरं’ समजून भेसळीच्या यादीत घालत होता. सलग सात दिवस असं झालं की संकलन बंद केल्याचं पत्र आपोआप छापलं जाई.

ते पत्र छापून आलं त्याच सकाळी मला हे कळलं होतं. गावाचं नाव वाचलं म्हणून मी त्यांची फाईल उघडली. खाली सचिव म्हणून सही कुणाची ते पाहिलं. मग नोंदी पाहिल्या. नाही, नाही, नाही, नाही. चूक माझी होती, एका ओळीची. दहा मिनिटांचं काम.

मी फाईल मिटली आणि चहा प्यायला गेले.

इतका गोड चहा मी आयुष्यात प्याले नाही. पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी कचेरीत येऊन आधी बंद संस्थांची यादी बघायची. उंबरझरी आहे ना, एवढं बघायचं आणि कामाला लागायचं.

“बरं, वह्या आणल्यात तर ठेवा,” घोरपडे तोडकरांना म्हणाले. “मॅडम बघतील सवडीनं.”

“सवड कुठली, साहेब? दीडशे घरांचं दूध आहे. किती खवा करतील, किती तूप काढतील? बायका सकाळी माझ्या दारात येतात आणि उंबऱ्यासमोर दूध ओतून जातात.  नुसत्या ओततात आणि जातात.”

मी खाली मान घातली. हसू लपवायला घातली, हेही सांगून टाकते.

“पण तुम्ही ‘नाही’ लिहिताच कशाला?” मी विचारलं. “बाकीचे रिकामा सोडतात.”

“रिकामा रकाना सोडू नये, बाई,” ते म्हणाले. “मागून कुणीही त्यात काहीही लिहितं. सतरा वर्षांत एक सुद्धा सोडलेला नाही. कुठलीही वही काढून बघा.”

कुठलीही वही. ते गेल्यावर मी पोतं मागच्या खोलीत ओढत नेलं आणि एक्याण्णव सालची वही शोधून काढली. मला त्या पानावर आईचं नाव बघायचं होतं. त्या माणसाच्या अक्षरात ‘पाणी आहे, ओतले’ असं लिहिलेलं एकदा वाचायचं होतं, म्हणजे उरलेला राग नीट पेटता राहिला असता. त्या दिवसाची तारीख मला पाठ होती.

गोजरा दाजी बाबर. पाणी: आहे. दूध ओतले.

तिच्याखाली तीन नावं होती. एक सरपंचांच्या घरचं, दुसरं संस्थेच्या चेअरमनचं, तिसरं मला आठवेना. तिघांच्याही पुढं ‘पाणी: आहे’ असं होतं. मात्र ‘ओतले’ नव्हतं, ‘घेतले’ होतं. आणि पानाच्या तळाला शेऱ्याचा रकाना होता, त्यात तेच टपोरं अक्षर.

‘लॅक्टोमीटर तळाशी चिरला, आत दूध शिरून खाली जातो. वरील चारही नोंदी चुकीच्या. कुणाच्याही दुधात पाणी नाही.’

मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. आई घरी पोचायच्या आत त्यांना कळलं होतं. रांग अजून उभी असताना कळलं होतं. हाक मारली असती तर आई ऐकण्याच्या अंतरावर होती.

तोडकर कचेरीच्या फाटकाशी कडुनिंबाखाली बसून फडक्यातली भाकरी खात होते. मी वही त्यांच्यासमोर उघडी धरली.

“हे वाचा.”

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. घास तोंडात तसाच राहिला.

“गोजरा बाबर माझी आई,” मी म्हणाले. “मी विजयमाला. कॅनचं झाकण धरून शेजारी उभी होते.”

 त्यांनी फडकं गुंडाळून बाजूला ठेवलं.

“संस्थेला तेव्हा वर्ष सुद्धा झालं नव्हतं, पोरी. सचिवाचीच नळी फुटकी म्हटल्यावर दूध कोण घातलं असतं? वाटलं, उद्या ती आली की बाजूला घेऊन सांगू. ती आलीच नाही.”

“चार गल्ल्या ओलांडून घर होतं आमचं.”

“व्हय.”

“दोन महिने होतो आम्ही तिथं. म्हैस विकली. तुमच्या दारावरून नेली.”

“व्हय. बघितली.” मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “पर नोंद केली होती मी. खोटं ठेवलं नाही.”

“नोंद कुणासाठी केली होती?”

 माझा आवाज चढला होता, फाटकावरचा शिपाई बघायला लागला. मी जरा वाकले आणि हळू म्हणाले, “उद्या सकाळी संस्थेसमोर सगळ्या गावाला बोलवा. मी आईला घेऊन येते. हे पान मोठ्यानं वाचायचं. मग तुमच्या ‘होय’चं काय करायचं ते मी बघते.”

तोडकरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं. म्हातारा बिनडोक नव्हता.

“म्हणजे चूक तुमच्या मशीनची आहे. आणि तुम्हाला ठाऊक आहे.” मग जरा थांबून, “कधीपासून, बाई?”

मी वही मिटून निघून आले.

संध्याकाळी सांगलीला घरी जाऊन आईला सांगितलं; ती आता माझ्याकडेच राहायची. चिरलेल्या नळीचं ऐकून ती रडेल असं वाटलं होतं. ती उठली, ट्रंकेतून ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं आणि विचारलं, “पहिली गाडी किती वाजता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेसमोर शंभरेक माणसं असतील. दूध बंद असल्यामुळे लोकांना एरवीही काम नव्हतंच. फरशी तीच होती, गटार तेच. आई त्या फरशीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सोळा वर्षांत तिची पाठ वाकली होती, त्या सकाळी मात्र ताठ होती. बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी “पाणी...” एवढं म्हणालं आणि गप्प बसलं.

तोडकरांनी वही उघडली. एका दमात, खालच्या आवाजात, तारखेपासून शेऱ्यापर्यंत वाचून काढलं.

“पुन्ना वाचा,” आई म्हणाली.

“गोजराबाई...”

“मागच्यांला ऐकू आलं न्हाई. ओतताना बरं सगळ्यांला दिसलं हुतं.”

त्यांनी पुन्हा वाचलं, मोठ्यानं. ‘कुणाच्याही दुधात पाणी नाही’ इथं आवाज फाटला. आई तशीच उभी. मी तिच्या शेजारी होते आणि माझ्या अंगात नुसता उत्सव चालला होता. त्या माणसाला असं वाचताना बघून मला दया आली असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण आली नाही. सोळा वर्षांचा वचपा निघत होता आणि तो संपू नये असं वाटत होतं.

“आता माझं नाव सांगा,” आई म्हणाली.

“गोजरा दाजी बाबर.”

“सगळ्यांनी ऐकलं न्हवं?” तिनं गर्दीकडं वळून विचारलं.  सरपंचांची म्हातारी तेवढी पुढं आली आणि आईचा हात धरून म्हणाली, “ऐकलं बाई, ऐकलं. चल घरात, च्या घे.” आई गेली नाही. म्हणाली, “तुमचं दूध त्या दिशी घेतलं हुतं, म्हातारे. माझं ओतलं. च्या कसला पाजतीस?”

मी तिथूनच घोरपड्यांना फोन लावला. तांत्रिक बिघाड सापडला आहे, उंबरझरीचा काही दोष नाही, संध्याकाळच्या दुधाला टँकर पाठवा. ते म्हणाले, “असं कसं? संगणक तर...” मी म्हणाले, “कधीकधी होतं.”

निघताना तोडकरांनी मला आत टेबलाशी बोलावलं. समोर चालू सालची वही उघडी होती. दहा दिवसांच्या ओळी त्यांनी आखून ठेवल्या होत्या आणि शेवटी एक रकाना मोकळा होता.

“संकलन बंदचं कारण लिहायचंय, बाई,” ते पेनाचं टोपण काढत म्हणाले. “काय लिहू?”

बाहेर आई उभी होती. तिला ऐकू जाईल इतकंच अंतर होतं. तोडकर माझ्याकडे बघत होते. ते सगळ्या गावासमोर सांगू शकले असते की हिला आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. मला विचारत होते.

“तांत्रिक बिघाड,” मी म्हणाले.

“तांत्रिक बिघाड,” त्यांनी हळूहळू, टपोऱ्या अक्षरात लिहिलं. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. मग मिटली.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली. इतकी बोलताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मोरणीची शिंगं, त्या वेळच्या शेजारणी, सगळं निघालं. विटा मागं पडल्यावर ती मध्येच म्हणाली, “पर त्याच्या दुधाचं काय गं झालं हुतं? खरंच भेसळ निघाली हुती?”

“नाही. आमच्या मशीनचीच चूक.”

“तुला कवा कळलं?”

“कालच,” मी म्हणाले.

आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि थोपटला. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी बघितलं नव्हतं.

“बघ,” ती म्हणाली. “काल कळलं आणि तू आज सांगून मोकळी झालीस. त्याला सोळा वर्सं लागली.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी ती ओळ दुरुस्त केली. रकान्यात ‘नाही’ असेल तर खोटं धरायचं. खरंच दहा मिनिटं लागली. मग त्या ओळीच्या वर मी एक टीप लिहिली. प्रोग्राममध्ये अशा टिपा लिहिता येतात. संगणक त्या वाचत नाही, पडद्यावर किंवा छापील यादीत त्या कधी येत नाहीत, आणि जी माणसं तो प्रोग्राम वापरतात त्यांना त्या आहेत हेही माहीत नसतं.

‘चूक माझी. उंबरझरीच्या दुधात भेसळ नव्हती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वि. मोहिते.’

तारीखही घातली.

आई पुढं अकरा वर्षं जगली. माझ्या प्रत्येक पाहुण्याला ती ही गोष्ट सांगायची, आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणायची, माझ्या लेकीनं एक दिवस सुद्धा लपवलं नाही. मी दर वेळी तिथंच असायची. चहाचे कप गोळा करून आत जायची.